अवयव, अवयवी आणि गंजलेला पत्रा

ज्या वस्तूचे बहुतेक भाग काळाच्या ओघात बदलले गेले तिला ‘तीच’ म्हणायचे ते कशाच्या आधारे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी पट, रथ आणि दीपज्योत या दृष्टांतांतून आणि ग्रीकांनी एकेक फळी बदलली गेलेल्या थिसियसच्या जहाजातून शतकानुशतके हाताळला आहे. हे दृष्टांत मांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतः कधी रथाचा आस बदलला असेल. फळी कुजली आणि तिच्या जागी नवी बसवली एवढे विधान त्यांच्या युक्तिवादाला पुरत असे, आणि एक फळी काढली की शेजारच्या फळ्या किती सरकतात याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. जुनी स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर मात्र हाच प्रश्न पत्रा, ग्रीस आणि सुट्या भागांच्या पावत्या यांच्या रूपाने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याला स्वतःपुरते ठेवता येत नाही. नोंदणी विभागाला आणि उद्याच्या खरेदीदारालाही ते द्यावे लागते. हा दृष्टांत रथाइतका प्रतिष्ठित नसेल, पण तो रथापेक्षा काटेकोर आहे.

त्यासाठी ब्रिटनमधील एमजीबी जीटी ही गाडी विशेष सोयीची आहे. कूपे म्हणजे दोन दरवाजांची, पक्क्या छताची, मागे उतरत गेलेल्या पाठीची गाडी. पिनिनफारिना या इटालियन संस्थेच्या मदतीने आकार मिळालेली ही कूपे ऑक्टोबर १९६५ मध्ये बाजारात आली आणि १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत तिच्या सुमारे सव्वा लाख गाड्या तयार झाल्या. १७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पाट्यांची स्प्रिंग, अशी तिची रचना असल्याने मध्यम कौशल्याचा माणूस पान्ह्यांचा एक संच आणि कार्यशाळा-पुस्तिका यांच्या जोरावर तिचे जवळजवळ प्रत्येक काम करू शकतो. आणि तिचे सुटे भाग आजही इतके मिळतात की तत्त्वतः तिच्यात न बदलता येण्यासारखे काही उरलेले नाही. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने खरी अडचण येथूनच सुरू होते.

या गाडीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचे एकसंध कवच हाच तिचा सांगाडा. दरवाजांखालून जाणाऱ्या लांब पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या गाडीच्या मजबुतीचा कणा आहेत. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालचा घडीदार पत्रा अशा थरांनी बनलेल्या या पेट्यांत पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल साचतो, ओल टिकून राहते आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे रंगाला पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा आधीच गेलेला असतो. सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवे आधार जोडावे लागतात आणि गाडीचे वजन योग्य ठिकाणी पेलून धरावे लागते. हे केले नाही तर कापलेले कवच किंचित वाकते, त्याच स्थितीत नवा पत्रा वेल्ड होतो, आणि काम संपल्यावर दरवाजा लागेनासा होतो. जाणकार दुरुस्तीकार म्हणूनच नवा पत्रा पक्का करण्याआधी दरवाजा पुनःपुन्हा लावून त्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना, हे पाहत राहतो.

‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन आणि ग्रीक वंशाचा राजा मिलिंद यांचा जो संवाद आहे, त्यात नागसेन राजाला विचारतो की त्याचा रथ म्हणजे आस आहे, चाके आहेत, दांडी आहे की या सर्वांचा ढीग आहे. आणि प्रत्येक वेळी नकार आल्यावर दाखवून देतो की ‘रथ’ ही त्या अवयवांच्या आश्रयाने केलेली प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारासाठी ठरवलेली संज्ञा आहे. अवयवांपलीकडे रथ नावाचे वेगळे तत्त्व नाही. याच ग्रंथात पुढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत येतो: पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकही नाहीत आणि वेगळ्याही नाहीत, कारण दोहोंमध्ये संतती, म्हणजे एकातून दुसरे उपजत जाण्याची अखंड ओळ आहे. नागसेनाने थांबलेल्या वस्तूचे विश्लेषण केले, काळाचा विचार केला नाही, असा आक्षेप कधी घेतला जातो. तो या दिव्यामुळे टिकत नाही.

न्याय-वैशेषिकांचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी घडलेली पूर्ण वस्तू, ही अवयवांहून खरोखर वेगळी असते आणि समवाय नावाच्या अतूट संबंधाने ती अवयवांत राहते. गाडी विकत घेणारा माणूस बोल्ट आणि पत्रे विकत घेत नाही, एक गाडी विकत घेतो, हा रोजचा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. परंतु या वास्तववादाची किंमत मोठी आहे. अवयवी ज्या अवयवांत आणि ज्या संयोगावर उभा आहे त्यांतील काही नष्ट झाले तर तो अवयवीही नष्ट होतो. म्हणून पटातून एक तंतू काढला की जुना पट संपतो आणि उरलेल्या तंतूंचा नवा ‘खंडपट’ उत्पन्न होतो, हा निष्कर्ष नैयायिक प्रामाणिकपणे स्वीकारतात. हाच न्याय गॅरेजमध्ये लावला तर इंजिन उतरवताच एक गाडी नष्ट झाली, इंजिनाविना दुसरी जन्मली आणि इंजिन पुन्हा चढवल्यावर तिसरी आली असे म्हणावे लागेल. ‘ही तीच’ या ओळखीला, म्हणजे प्रत्यभिज्ञेला, अशा ठिकाणी ते साजात्यावर, म्हणजे एकाच जातीच्या सारखेपणावर सोपवतात. युक्तिवाद म्हणून यात विसंगती नाही. पण ज्याची गाडी तीन वर्षे खोक्यांत सुटी पडली आहे, त्याच्याजवळ या काळात गाडी नव्हतीच असे त्याला सांगणे अवघड आहे, आणि ब्रिटिश कायदाही तसे सांगत नाही. रस्त्यावर न आणण्याची घोषणा नोंदवून गाडी सुट्या भागांच्या अवस्थेतही आपल्या क्रमांकासह मालकाच्या नावावर राहू शकते.

तरीही संयोगाला कारणाचा दर्जा देण्यात वैशेषिकांनी जी सूक्ष्मता दाखवली ती दुरुस्तीकाराला पटण्यासारखी आहे, कारण त्याचा पुष्कळसा वेळ भागांपेक्षा भागांमधल्या संबंधांवर जातो. एसयू कार्ब्युरेटरमधला पिस्टन आणि त्यावरचा घुमट परस्परांशी जुळवूनच तयार केलेले असतात. दोन कार्ब्युरेटर एकाच वेळी खोलले आणि झाकणांची अदलाबदल झाली, तर प्रत्येक भाग निर्दोष असूनही पिस्टन अडकू शकतो. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये थंड इंजिनात ०.०१५ इंचाची फट ठेवावी लागते. ती कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो, वाढली तर टॅपेट वाजू लागतात. फिलर गेजची पाती घेऊन जे काम नियमाने केले जाते ते कोणत्याही वस्तूचे नसून वस्तू नसलेल्या जागेचे आहे, आणि अभावाला सातवा पदार्थ म्हणून आपल्या यादीत स्थान देणाऱ्या दर्शनाला टॅपेट लावणाऱ्याने एक नमस्कार करायला हरकत नाही.

मूळ द्रव्य टिकले म्हणजे ओळख टिकली, हे सामान्य माणसाचे उत्तर या गाडीबाबत फार लवकर कोसळते. तिचे जुन्या पद्धतीचे, तेल भरलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी झाले की मालक ते विक्रेत्याकडे जमा करतो आणि बदल्यात दुरुस्त केलेली दुसरी जोडी घेतो. त्याने जमा केलेली जोडी पुन्हा दुरुस्त होऊन तिसऱ्याच्या गाडीत जाते. कार्ब्युरेटर, स्टिअरिंगचा रॅक, किंगपिनसह पुढच्या चाकाचा आस यांचेही असेच चालते. परिणामी अनेक गाड्यांत अन्य गाड्यांचे अवयव फिरत असतात, आणि पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्या एखाद्या गाडीत मूळचे नेमके काय उरले आहे हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. सांख्यांनी सूक्ष्म शरीराचे जे संसरण सांगितले ते येथे उलटे झालेले दिसते: देह फिरतो आहे आणि नाव जागेवर आहे.

द्रव्य गेले तर आकार उरतो, आणि ओळख आकारात आहे, असे दुसरे उत्तर सुचते. दरवाजाच्या फटीवर एवढी मेहनत होते ती आकारासाठीच. परंतु १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबीचे संपूर्ण नवे कवच मूळ साच्यांच्या साहाय्याने तयार करून विकते, आणि अशी दोन कवचे शेजारी ठेवली तर आकारावरून त्यांत फरक करता येणार नाही. आकार अनेकांचा असू शकतो. ओळख एकाचीच असते. म्हणून आकार ही ओळखीची आवश्यक अट म्हणता येईल, पुरेशी नाही.

नव्या कवचामुळे टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५५ च्या आपल्या ग्रंथात थिसियसच्या जहाजाला दिलेली कलाटणी कागदावरून रस्त्यावर आली. हॉब्जने विचारले की जहाजाच्या काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर थिसियसचे जहाज कोणते: सतत दुरुस्त होत आलेले की जुन्या फळ्यांचे? मालकाने जुन्या कवचातील इंजिन, गिअरबॉक्स, आस आणि काचा नव्या कवचात चढवल्या आणि गंजलेले कवच कोणाला विकले, आणि त्या दुसऱ्याने ते निगुतीने वेल्ड करून दुसरे इंजिन बसवले, तर हॉब्जची दोन जहाजे दोन गॅरेजांत उभी राहतात.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी विभागाने यावर अनेक वर्षे जी गुणपद्धती चालवली ती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी वाचण्यासारखी आहे. मूळ किंवा त्याच घडणीच्या नव्या कवचाला ५ गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्ससह शक्तिवहन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १, अशा एकूण १४ पैकी किमान ८ गुण असतील, आणि त्यांत कवचाचे ५ असतीलच, तरच गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येत असे. लोक ज्याला गाडीचे हृदय म्हणतात त्या इंजिनाला कायद्याने सर्वांत खालची पायरी दिली, हे लक्षणीय आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की कारखान्यातून आलेले कोरे कवच चालत असे, पण दुसऱ्या गाडीवरून काढलेले वापरलेले कवच चालत नसे. द्रव्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याच काळातले, त्याच कारखान्यातले जुने कवच मूळ गाडीला अधिक जवळचे आहे. तरीही कायद्याने ते नाकारले, कारण त्याला स्वतःचा भूतकाळ आहे, आणि एका नावाखाली दोन भूतकाळ नांदू देणे म्हणजे चोरीच्या गाडीला दुसरीचा क्रमांक लावणाऱ्यांना रान मोकळे करणे होते. ओळखीला परक्या इतिहासाचा धोका असतो, इतिहासशून्य द्रव्याचा नसतो, हे तत्त्व कोणत्याही दर्शनग्रंथाने इतक्या स्वच्छपणे सांगितलेले नाही.

लंडनच्या उच्च न्यायालयानेही १९९० मध्ये याच दिशेने निर्णय दिला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ या टोपणनावाची बेंटले गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि ही गाडी मूळची नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. शर्यतींसाठी तिच्यात वारंवार बदल झाले होते, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या मार्गावर झालेल्या अपघातात तिचा चालक मरण पावला होता, त्यानंतर तिला चक्क कूपेचे शरीर चढवले गेले होते, आणि १९२९ च्या गाडीतील जवळजवळ काहीच तिच्यात शिल्लक नव्हते. न्यायाधीश ऑटन यांनी मूळ आणि अस्सल या दोन कल्पना वेगळ्या केल्या: गाडी मूळ द्रव्याची नाही, परंतु तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही, म्हणून ती अस्सल आहे. निकालातली दुसरी अट सहसा दुर्लक्षिली जाते. अखंड संतती पुरेशी नाही. त्या संततीला प्रतिस्पर्धी नसला पाहिजे.

नेमकी हीच अट पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत आधीपासून पाळली जाते. ज्या वर्षी आषाढ अधिक मास येतो अशा ठरावीक वर्षी, जसे १९९६ आणि २०१५ मध्ये, लक्षणांनी निवडलेल्या कडुनिंबाच्या लाकडातून देवतांच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकांच्या हातून नव्या मूर्तीत ठेवला जातो, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ या जागी भूमिगत केल्या जातात. भाविकांचे लक्ष ब्रह्मपदार्थाच्या गूढाकडे जाते, ते स्वाभाविक आहे. परंतु ओळखीच्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक कृती शेवटची आहे. जुना देह पुरला जातो, म्हणून हॉब्जच्या दुसऱ्या जहाजाला जागाच उरत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला पंढरपूर आहे. तेथे विठ्ठलमूर्तीची झीज रोखण्यासाठी वज्रलेप केला जातो, म्हणजे पाषाण तोच ठेवून त्याला संरक्षक थर दिला जातो. मूर्ती बदलावी ही कल्पनाच वारकऱ्याला असह्य वाटेल. या दोन्ही परंपरा धर्माला मान्य आहेत. कोठे द्रव्य राखायचे आणि कोठे संतती, हे द्रव्याच्या स्वभावावर आणि उपासकांच्या संकेतावर ठरते: लाकूड कुजते, पाषाण झिजतो. दुरुस्तीकारही डॅशबोर्डाला आणि जुन्या चामड्याला वज्रलेप करतो, आणि सिलचे नवकलेवर करतो.

एवढ्या नाशवंत वस्तूमागे माणसाने इतके लागावे का, हा धार्मिक आक्षेप येथे टाळता येत नाही, आणि तो वजनदार आहे. इंग्लंडच्या थंडीत रस्त्यांवर मीठ टाकले जाते, आणि ज्या पत्र्याला आज वाचवले त्याला उद्या मीठ खाईल. परंतु आसक्ती आणि निगा या एकच नव्हेत, याचा उत्तम दाखला विनयपिटकातील एका प्रसंगात आहे. कौशांबीचा राजा उदयन याला बुद्धाचा शिष्य भिक्षू आनंद याने इतकी चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, दानात का घेतली असा संशय आला, तेव्हा आनंदाने सांगितले की नवी चीवरे ज्यांची जीर्ण झाली त्यांना दिली जातील, जीर्ण वस्त्रांची आच्छादने होतील, त्यांची पुढे पायपुसणी होतील, आणि शेवटी त्यांच्या चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन सारवली जाईल. संन्याशाची ही काटकसर आसक्ती नाही, कारण तिच्यात प्रत्येक टप्प्यावर सोडून देण्याची तयारी आहे. संग्रहासाठी गाडी वातानुकूलित दालनात झाकून ठेवणारा आणि तिचा प्रत्येक बोल्ट १९६७ चाच असावा म्हणून वाटेल ती किंमत मोजणारा धनिक या कसोटीवर उतरत नाही; दर तीन हजार मैलांनी किंगपिनच्या निपलांत ग्रीस भरणारा आणि झिजलेले बुश विनासंकोच फेकणारा कारागीर बहुधा उतरतो.

यातून निघणारा निष्कर्ष असा की गाडीचे ‘तीच’ असणे द्रव्यात सापडत नाही, आकारात सापडत नाही, आणि नैयायिकांच्या अवयवीलाही ते पेलत नाही. ते एका अखंड, एकवंशी आणि प्रामाणिकपणे नोंदलेल्या निगेचे फळ आहे. नवे कवच घेणाऱ्याने जुने कवच भंगारात दिले, पावत्या जपल्या, विकताना काय बदलले ते सांगितले, तर त्याची गाडी १९६७ चीच आहे. त्याने यांपैकी काही लपवले, तर तीच गाडी, त्याच भागांनिशी, खोटी ठरते. जैन दार्शनिक सत्‌ला उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाश पावणे आणि टिकून राहणे, अशी तीन अंगे मानतात. नव्या भागाचा उत्पाद आणि जुन्याचा व्यय डोळ्यांना दिसतो. गाडीपुरते पाहिले तर ध्रौव्य मात्र आपोआप असत नाही, ते कोणाला तरी राखावे लागते, आणि म्हणून हा प्रश्न सत्ताशास्त्राचा जितका आहे तितकाच धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे.

नागसेनाला मात्र येथेच थांबवावे लागते. त्याने रथावरून थेट माणसावर उडी घेतली: रथाप्रमाणे नागसेन हेही नाव, अवयवांपलीकडे कोणी नाही. गाडीच्या बाबतीत तिची संतती राखणारा आणि तिचा हिशेब ठेवणारा गाडीबाहेर उभा असतो. सिल कापली जात असताना गाडीला स्वतःचे काही म्हणणे नसते. माणसाच्या बाबतीत बदलणारा आणि त्या बदलाचा हिशेब ठेवणारा एकच आहे की दोन, हाच तर बौद्ध आणि वेदान्ती यांच्यातील वाद आहे. वेदान्ती त्या हिशेब ठेवणाऱ्याला साक्षी म्हणतो, बौद्ध त्यालाही संततीतला एक क्षण ठरवतो. ज्या वस्तूला साक्षीच नाही तिचा दृष्टांत देऊन साक्षी नाही असे सिद्ध करणे हा साध्यसम हेतू, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे आहे. रथापुरते नागसेनाचे म्हणणे मान्य करावे लागते. नागसेनापुरते ते अद्याप सिद्ध झालेले नाही.